भाड्याच्या घराचं छप्पर बदलावं, की वाढलेला इन्शुरन्स भरत राहावं?

तुमचा हिशोब असा: डॅलसच्या उत्तरेला भाड्याने दिलेलं घर, शिंगलचं (डांबरी पट्ट्यांचं) छप्पर 17 वर्षांचं, रिन्युअलला प्रीमियम 3,900 डॉलर. एजंट म्हणतो, छप्पर नवं केलंत तर 3,100 होईल. छपराचं कोटेशन 15,400. वर्षाला 800 वाचले तर पैसे वसूल व्हायला 19 वर्षं लागतील, मग बदलायचं कशाला? भागाकार बरोबर आहे, पण भागायचा आकडा चुकलाय.

आधी पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज, म्हणजे सारांशाचं पहिलं पान, काढा आणि दोन ओळी शोधा. पहिली, विंड-हेल डिडक्टिबल, म्हणजे वारा-गारांच्या नुकसानीत आधी तुम्ही भरायचा वाटा. टेक्सासमध्ये तो बहुधा टक्क्यांत असतो, आणि ते टक्के नुकसानीवर नाही, घराच्या विमा रकमेवर मोजतात. साडेतीन लाखांवर 2 टक्के म्हणजे 7,000 डॉलर तुमच्या खिशातून. दुसरी ओळ, छपराची भरपाई रिप्लेसमेंट कॉस्टने (नव्याच्या किमतीने) की ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यूने (वयाप्रमाणे घसारा कापून). छप्पर 10-15 वर्षांपलीकडे गेलं की बऱ्याच कंपन्या रिन्युअलला ही ओळ बदलतात. तशी नोटीस येते, पण ती कोणी वाचत नाही.

कॅश व्हॅल्यू असेल तर आयुष्य 20 वर्षं धरून घसारा 85 टक्के. 15,400 मधले उरले 2,310, आणि डिडक्टिबल 7,000. उद्या कितीही मोठ्या गारा पडल्या तरी छपरापोटी एक डॉलर मिळणार नाही. रिप्लेसमेंट कॉस्ट असेल तर 8,400 मिळतात, पण घसाऱ्याचा भाग कंपनी काम पूर्ण होऊन बिल दाखवेपर्यंत राखून ठेवते. इथे घसारा एवढा आहे की पहिला चेक शून्याचाच. ठेकेदाराला द्यायचे पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात.

आता खरा हिशोब. हे छप्पर तीनेक वर्षांत बदलावं लागणारच आहे. आज बदललंत तर वाया जातात ती उरलेली 3 वर्षं: 15,400 भागिले 20 म्हणजे वर्षाला 770, गुणिले 3 म्हणजे 2,310. तेवढ्याच काळात प्रीमियमचे वाचतात 2,400. वर रिप्लेसमेंट कॉस्टची पॉलिसी परत मिळू शकते. म्हणून माझं उत्तर: कॅश व्हॅल्यू असेल तर बदला, रिन्युअलच्या आधी.

"थांबा, गारा पडल्या की इन्शुरन्सवाले फुकट रूफ देतात" हा सल्ला आपल्या लोकांत पार्किंगपासून गणपतीच्या मंडपापर्यंत चालतो, आणि तो ऐकला की मला राग येतो. फुकट म्हणजे ठेकेदार डिडक्टिबल "ॲडजस्ट" करतो. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2019 पासूनच्या कायद्याने डिडक्टिबल तुम्ही भरलाच पाहिजे. तो माफ करणं ठेकेदारासाठी गुन्हा आहे, आणि राखून ठेवलेली रक्कम देण्याआधी कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते. तरीही जो माफ करतो तो ते पैसे कामातून काढतो: जुनं फ्लॅशिंग (सांध्यांवरचे पत्रे) तसंच ठेवतो, पाइप बूट (पाइपभोवतीची रबरी टोपी) बदलत नाही, शिंगलला सहाऐवजी चार खिळे मारतो, तेही शिंगलवर खिळ्यांसाठी आखलेल्या पट्टीच्या वर. असं शिंगल पहिल्या मोठ्या वादळात उडतं, आणि तेव्हा कंपनी सदोष कामाकडे बोट दाखवते.

करारात हे लिहून घ्या: जुने थर पूर्ण काढणार, व्हॅलीत (दोन उतार मिळतात त्या खोबणीत) आइस-अँड-वॉटर शील्ड हा चिकट जलरोधक थर, नवी ड्रिप एज (कडेची पत्र्याची पट्टी), स्टार्टर (कडेची पहिली शिंगल-पट्टी), पाइप बूट आणि चिमणीचं फ्लॅशिंग, कुजलेल्या डेकिंगचा (शिंगलखालच्या लाकडी फळ्यांचा) दर शीटमागे किती. शेवटी पडलेले खिळे उचलायला अंगणात लोहचुंबक फिरवणार, हेही लिहा, नाहीतर भाडेकरूच्या टायरचं बिल तुम्हाला येईल.

क्लास 4, म्हणजे गारांचा मार सोसण्यात सर्वांत वरच्या दर्जाच्या, शिंगलचे जास्तीचे पैसे मात्र सवलतीशी जरूर ताडून बघा, कारण तिथे भागाकार लागू पडतो. या दर्जाच्या चाचणीत 2 इंची पोलादी गोळा 20 फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात, शिंगलला तडा जाता कामा नये. सवलत आपोआप लागत नाही. टेक्सासच्या विमा खात्याचा फॉर्म ठेकेदाराकडून भरून घ्या, बिल आणि फोटो जोडा आणि कंपनीच्या नोंदीतलं छपराचं वर्ष बदलून घ्या. सवलतीच्या बदल्यात "कॉस्मेटिक डॅमेज" (गळती नाही, फक्त दिसायला खराब) वगळणारं कलम तर घातलं नाही ना, तेही वाचा.

टॅक्सचं थोडक्यात: प्रीमियम त्याच वर्षी पूर्ण वजा होतो, नवं छप्पर साडेसत्तावीस वर्षांत, म्हणजे वर्षाला 560. पण जुन्या छपराची घसारा जाऊन हिशोबात उरलेली किंमत ते काढलं त्याच वर्षी वजा करता येते. हा पर्याय त्या वर्षीच्या रिटर्नमध्येच निवडावा लागतो, म्हणून सीएला किंवा सीपीएला तुम्हीच आठवण करा.

छप्पर 8-10 वर्षांचं असतं आणि रिप्लेसमेंट कॉस्ट शाबूत असती, तर हात लावू नका म्हटलं असतं. घर दोन वर्षांत विकायचं असेल तरी गणित बदलतं. आणि घरावर कर्ज असेल तर क्लेमच्या चेकवर बहुधा बँकेचंही नाव येतं. तिची सही मिळेपर्यंत ताडपत्रीचा खर्च आणि भाडेकरूचे फोन तुमच्याकडेच.