ऑर्किडच्या लहान रोपांच्या पानांवर तपकिरी डाग पडताहेत, बाविस्टीन हे बुरशीनाशक मारूनही थांबत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की फ्लास्कमधून (प्रयोगशाळेत रोपं वाढवतात त्या बंद बाटलीतून) काढलेली फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची रोपं प्लॅस्टिकच्या डब्यात झाकून ठेवली आहेत, डाग वाढतच चाललेत आणि बाविस्टीनचा काही फरक पडला नाही. मीही सोलापुरातच ऑर्किड वाढवतो, त्यामुळे इथल्या हवापाण्याच्या हिशेबानेच सांगतो.

बाविस्टीन आधी बाजूला ठेवा. त्यातलं कार्बेन्डाझिम काही ठरावीक बुरशींवरच चालतं. जिवाणूंवर त्याचा काडीचा उपयोग नाही आणि रोपं बुडातून काळी पाडणाऱ्या पिथियम-फायटोप्थोरावरही नाही. डाग कशाचा आहे ते कळल्याशिवाय बाटली उघडण्यात अर्थ नाही, आणि ते घरबसल्या बऱ्यापैकी कळतं.

एक डागाळलेलं पान खिडकीच्या उजेडासमोर धरा. डागाची कड तेलकट, पाणी मुरल्यासारखी अर्धपारदर्शक दिसत असेल, आणि काल मसुराएवढा असलेला डाग आज दुप्पट झाला असेल, तर तो जिवाणूजन्य समजा. फॅलेनॉप्सिसला ॲसिडोव्होरॅक्स नावाचा जिवाणू नेमका असाच त्रास देतो. कधी डागावर बोट टेकलं की चिकट पाणी येतं, आणि सडका वास आला तर मऊ कूज करणारे जिवाणू. याउलट डाग कोरडा, थोडा खोलगट, कडेला गडद रेघ किंवा पिवळी किनार आणि वाढ संथ असेल तर बुरशी, म्हणजे आपण ज्याला करपा म्हणतो त्यातला प्रकार. पान बुडाकडून काळं पडून नुसत्या धक्क्याने गळून येत असेल तर पिथियम-फायटोप्थोराचा संशय घ्या.

आणखी एक शक्यता सोलापुरात हमखास विसरली जाते: कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक माइट कीड. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ते फोफावतात. ऑर्किडवर येणारे चपटे कोळी जाळं करत नाहीत, म्हणून दिसतही नाहीत. पानाची खालची बाजू पांढऱ्या टिशू पेपरने पुसा. कागदावर तांबूस रेघ उठली की कोळी आहेत. अशा पानावर खालून चंदेरी, बारीक खड्डे पडलेले असतात आणि पुढे तेच तपकिरी होतात. त्यावर बुरशीनाशक कितीही मारा, कोळ्यांना काही होत नाही. पानं दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसून काढणं, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर लेबल वाचून कोळीनाशक, हाच मार्ग.

आता उपाय. तुमच्या वर्णनावरून मला जिवाणूचाच संशय जास्त आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

डागी रोपं आजच वेगळी करा. एकाच ट्रेमध्ये दाटीने लावलेल्या रोपांत एका पानावरचा थेंब शेजारच्या पानावर उडाला की रोग पोचला. ब्लेड ज्योतीवर तापवून गार करा आणि डागाच्या पलीकडचा निदान अर्धा-एक सेंटीमीटर हिरवा भागही कापून टाका. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा तापवायचं, यात आळस नको. कापलेल्या कडेला कापसाच्या काडीने हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणा. कड सुकली की दालचिनीची बारीक पूड चिमूटभर लावा, फक्त कापावर. मुळांवर पडली तर ती मुळंही सुकवते. डाग पोंग्यात, म्हणजे नवं पान निघतं त्या मधल्या भागात, उतरला असेल तर ते रोप टाकून द्या. जीव तुटतो, पण ते ठेवलं तर उरलेली रोपंही जातात.

कृषी सेवा केंद्रात "पानावर तेलकट डाग" एवढं म्हणालात की समोरून तेल्याचा, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य डागांच्या रोगाचा, उपाय येणार: कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लीन. डाळिंबाच्या जिल्ह्यात दुसरं काय सुचणार! पण डाळिंबाच्या झाडाची मात्रा बोटभर ऑर्किडला मानवत नाही. तांब्याने कोवळी ऑर्किडं भाजतात, डेन्ड्रोबियम जातीची तर फारच. स्ट्रेप्टोसायक्लीन मी घरात वापरत नाही. माणसांच्या कामाचं अँटिबायोटिक कुंड्यांवर उधळायला मन धजत नाही.

डाग बुरशीचे ठरले तर मॅन्कोझेब, म्हणजे एम-४५. मोठ्या झाडांना लिटरला २ ग्रॅम घेतात, रोपांना मी १ ग्रॅमच घेतो. ते स्पर्शजन्य आहे, पानाच्या खालच्या बाजूलाही लागलं पाहिजे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारायचं असेल तर थायोफेनेट मिथाइलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शोषलं जाणारं, घ्या, पण कार्बेन्डाझिम आणि ते एकाच गटातले, त्यामुळे बाविस्टीनला दाद न देणारी बुरशी त्यालाही देणार नाही. बूड काळं पडत असेल तर मेटालॅक्झिल असलेलं रिडोमिल. फवारणी सकाळी लवकर, हातमोजे घालून, आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी फिल्टरच्या पाण्यात. सगळी रोपं एकाच भांड्यातल्या औषधात बुडवू नका. एखादं आजारी असेल तर त्याचे जंतू त्याच पाण्यातून सगळ्यांना लागतात.

एवढं करूनही डबा तसाच झाकलेला राहिला तर पंधरा दिवसांत तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल. तुमची अडचण मला कळते. फ्लास्कमध्ये दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो, आणि बाहेर एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन, हवा कोरडी ठाक. झाकलं नाही तर रोप सुकतं, झाकलं तर झाकणाचे थेंब पानावर पडून रात्रभर तिथेच राहतात. जंतूंना तेवढंच हवं असतं. म्हणून डब्याच्या चारी बाजूंना भोकं पाडा, झाकण काडी लावून तिरकं ठेवा आणि रोज थोडं जास्त उघडत जा. खाली खडी आणि पाणी घातलेला ट्रे ठेवा, ओलावा तिथून मिळू दे. कूलर असलेली खोली चांगली, फक्त कूलरचे तुषार थेट रोपांवर यायला नकोत. शेजारी छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून सतत चालू ठेवा.

पाणी सकाळी, मॉसला (रोपं लावतात त्या शेवाळाला) द्यायचं, पानांना नव्हे. पोंग्यात पाणी साचलं तर टिशूच्या टोकाने टिपून घ्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या दिवसांत अंघोळीलाही कढत असतं, ते आधी बादलीत निवू द्या. आणि मॉस एकदा नीट तपासा: मुळांना फ्लास्कमधली जेली चिकटून राहिली असेल तर कोमट पाण्यात धुऊन काढा, त्यातल्या साखरेवर बुरशी पोसते.

टिशू पुसून काय दिसलं ते आणि पान उजेडात धरून काढलेला फोटो इथे टाका. डाग पांढुरके, कागदासारखे आणि फक्त खिडकीकडच्या बाजूला असतील तर मात्र औषधाच्या भानगडीत पडूच नका, ते उन्हाने भाजलंय. शेडनेट लावा आणि पान तसंच राहू द्या.