'फेडरल डिस्ट्रिक्ट जज' म्हणजे 'जिल्हा न्यायाधीश' का नव्हे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या फ्रँक एम. जॉन्सन या न्यायाधीशांवर मराठीत लेख लिहायचा आहे. इंग्रजी मजकुरात त्यांना कुठे 'फेडरल ट्रायल जज' म्हटलंय, कुठे 'डिस्ट्रिक्ट जज'. मग 'संघीय जिल्हा व सत्र न्यायमूर्ती' असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. यातला एकेक शब्द वाचकाची वेगळी चुकीची समजूत करून देतो. सगळ्यात जास्त चकवतो तो 'जिल्हा'.

आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश म्हटलं की जिल्ह्याच्या गावचं कोर्ट आठवतं. नेमणूक राज्यपालांची, उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने, आणि ठरावीक वर्षांनी बदली. अमेरिकेत आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी. एकट्या अलाबामा राज्यात 67 काउंट्या आहेत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांसाठी मात्र त्या राज्याचे तीनच भाग केले आहेत: उत्तर, मध्य आणि दक्षिण. अशा भागाला तिथे 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात. देशभरात ते 94 आहेत. जॉन्सन मधल्या भागाचे न्यायाधीश होते. त्यात 23 काउंट्या आणि मुख्य ठाणं माँटगोमेरी. राज्य सरकारची स्वतःची न्यायालयं वेगळी, त्यांचा या कोर्टाशी संबंध नाही. फेडरल न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजुरी देते. 1955 साली आयझेनहॉवर यांनी जॉन्सनना नेमलं, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

हा फरक लेखात स्पष्ट झाला नाही, तर पुढची गोष्टच कळणार नाही. 1965 मध्ये जॉन्सन यांच्यापुढे सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाचा जो गाजलेला दावा आला, त्यात प्रतिवादी होते अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, म्हणजे जॉन्सन यांच्याच लॉ कॉलेजातले एके काळचे सोबती. आता 'जिल्हा न्यायाधीशांनी राज्यपालांविरुद्ध हुकूम दिला' असं लिहून पाहा. ज्याच्या सहीने नेमणूक झाली त्याच्याच विरुद्ध हुकूम, असा अर्थ मराठी वाचक लावेल. प्रत्यक्षात वॉलेस त्यांच्या खुर्चीला हातही लावू शकत नव्हते. (जाता जाता: 'गव्हर्नर'चं 'राज्यपाल' करू नका. तो लोकांनी निवडून दिलेला असतो, कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.)

आता 'ट्रायल'. 'सत्र' म्हटलं की फौजदारी खटलेच समोर येतात. दिवाणी बाजूला 'जिल्हा' आणि फौजदारी बाजूला 'सत्र' ही आपली वाटणी तिथे नाही, एकच न्यायाधीश दोन्ही चालवतो. 'कनिष्ठ न्यायालय' मला आणखी खटकतं, कारण त्यात कमीपणा येतो. सरकारी मराठीत 'न्यायचौकशी' आहे, पण कोर्टाच्या आवारात तो शब्द कानावर पडत नाही. वकील मंडळी सर्रास 'ट्रायल कोर्ट' म्हणतात, तेच ठेवा आणि एकदा अर्थ सांगा: जिथे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणी होते, पुरावा नोंदला जातो. आपल्या बोलीत ही जाण आहेच. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात असलेल्याला आपण 'कच्चा कैदी' म्हणतो. गोष्ट कच्ची की पक्की, हे ठरतं ट्रायल कोर्टात. अपिलात मुख्यतः कागद वाचले जातात.

1965 ची सुनावणी याचं उत्तम उदाहरण आहे. 7 मार्चला सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांना लाठ्या आणि अश्रुधुराने मागे हाकललं होतं. त्या मारहाणीचं चित्रीकरण जॉन्सन यांच्या कोर्टात पडद्यावर दाखवलं गेलं. न्यायाधीशांनी ते स्वतः पाहिलं, साक्षी ऐकल्या, आणि सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्क मोठा, असा त्या निकालाचा गाभा. मोर्चा निघाला, 25 मार्चला माँटगोमेरीत पोचला. ज्याने हे डोळ्यांनी पाहून ठरवलं त्याला 'कनिष्ठ' म्हणायला माझा तरी हात धजत नाही.

'न्यायमूर्ती' हा मान मराठीत उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी रूढ आहे. अमेरिकेतही फेडरल न्यायालयांत 'जस्टिस' फक्त सर्वोच्च न्यायालयात, बाकी सगळे 'जज'. आपण रानड्यांना सरसकट न्यायमूर्ती म्हणतो, पण ते मुंबई उच्च न्यायालयावर आले 1893 मध्ये. त्याआधीची पुण्यातली न्यायदानाची सगळी वर्षं खालच्या कोर्टातली. तेव्हा जॉन्सन यांना 'न्यायाधीश'च म्हणा. तो शब्द उणा नाही. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीशच होते आणि नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवायला तेवढं पद पुरलं.

'संघीय' हिंदीतून आलेला वाटतो, आणि 'संघाचे न्यायाधीश' वाचून मन भलतीकडेच जातं. 'केंद्रीय' चालेल. मी मात्र 'फेडरल' ठेवीन. 1937 साली दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झालं आणि मुकुंदराव जयकर त्याचे न्यायाधीश होते, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका नाही.

मुदतीसाठी 'आजीवन'पेक्षा 'तहहयात' मला फार आवडतो. जुन्या दस्तांमधला शब्द आहे, 'तहहयात विश्वस्त' आजही लिहितात. या न्यायाधीशांना निवृत्तीचं वय नसतं, गैरवर्तन केलं नाही तर हयातभर खुर्ची त्यांचीच. माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1956 च्या तीन न्यायाधीशांच्या निकालात जॉन्सन बहुमतात होते. पुढे त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला (ही तिथल्या वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत), 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तरी मतं मागायला कुणाच्या दारी जायचं नव्हतं आणि बदलीची भीती नव्हती. लेखात 'तहहयात' हा शब्द या प्रसंगांच्या शेजारी यायला हवा.

शेवटची एक अडचण. 1979 मध्ये ते अपील न्यायालयात गेले, आणि 1991 मध्ये त्यांनी 'सीनियर स्टेटस' घेतलं. याचं 'वरिष्ठ न्यायाधीश झाले' करू नका. आपल्याकडे 'दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर' ही बढती असते, तर तिथे वय आणि सेवा पुरेशी झाली की न्यायाधीश पद न सोडता कामाचा बोजा हलका करू शकतो, आणि त्याची नेहमीची जागा नव्या नेमणुकीला मोकळी होते. म्हणून लिहा: '1991 मध्ये त्यांनी काम कमी केलं, 1999 मध्ये वारले तोवर ते न्यायाधीशच होते.'