फिनलंडमध्ये विषयशिक्षक होण्यासाठी विद्यापीठात काय शिकावे लागते?
आपल्याकडच्या बी.एड.सारखा स्वतंत्र अभ्यासक्रम तिथे करावा लागतो का, असे आपण विचारले आहे. फिनलंडमध्ये माध्यमिक शाळेतील विषयशिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी असावी लागते. पदवीपासून तिथपर्यंतचा अभ्यास एकूण ३०० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा, म्हणजे अभ्यासाचा भार मोजणाऱ्या एककांचा) असून त्यांपैकी ६० अध्यापनशास्त्राचे असतात. हे ६० श्रेयांक त्या अभ्यासातच सामावतात किंवा नंतर वेगळे पूर्ण करता येतात, आणि प्रौढशिक्षणातील अध्यापनासाठीही तेच उपयोगी पडतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सराव: हेलसिंकी, यूवास्कूला अशा विद्यापीठांच्या स्वतःच्या सरावशाळा आहेत, जिथे भावी शिक्षक अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष वर्ग घेतात आणि तास संपल्यावर आपल्या अध्यापनाविषयी त्यांच्याशी सविस्तर चर्चा करतात.