पाच दिवस खेळून अनिर्णित? मग मजा कसली?

तुझा वैताग समजतो. मडगावच्या फातोर्डा मैदानावर फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला पाच दिवस कसोटी क्रिकेट बघत बसून 'सामना अनिर्णित' ऐकायचं म्हणजे फसवल्यासारखंच वाटणार. पण ग्यानबाची मेख तिथेच आहे.

वीस षटकांत ज्याच्या धावा जास्त, तो जिंकला. कसोटीत तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही संघांना दोन-दोन डाव मिळतात, आणि समोरचा पाठलाग करत असेल तर त्याचे सगळे गडी बाद केल्याशिवाय जिंकता येत नाही. त्यामुळे 400 धावांनी पुढे असलेल्या कर्णधाराचाही चौथ्या दिवशी जीव वरखाली होतो. डाव आत्ता घोषित करायचा, म्हणजे स्वतःहून थांबवायचा, की अजून तासभर खेळायचं? धावा वाढवाव्यात तर वेळ जातो, आणि वेळ संपला की अनिर्णित. (धावा समान होऊन शेवटचा गडी पडला तर ती बरोबरी. ते प्रकरण वेगळं, आजवर दोनदाच घडलंय: 1960 ला ब्रिस्बेन, 1986 ला मद्रास.)

ही वेळेची मर्यादा सगळीकडे पहिल्यापासून नव्हती. 1877 ला मेलबर्नला पहिली कसोटी झाली तेव्हा षटक चार चेंडूंचं होतं आणि सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. ऑस्ट्रेलिया 45 धावांनी जिंकली. पुढे 1939 ला डर्बनमध्ये या प्रकाराने कहर केला. 3 मार्चला सुरू झालेला सामना 14 तारखेपर्यंत चालला. इंग्लंडला हव्या होत्या 696, झाल्या होत्या 5 बाद 654, आणि परतीची बोट सुटायची वेळ झाली! शेवटी अनिर्णितच.

आता फॉलोऑन. पहिल्या डावात 200 किंवा जास्त धावांनी मागे पडलेल्या संघाला लगेच परत फलंदाजीला बसवता येतं. हा नियम कळायला आपल्या मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईची एक खेळी पुरेशी आहे. 1971, वेस्ट इंडिजमधलं किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेलेला. भारत 5 बाद 75. सरदेसाईने 212 काढल्या, एकनाथ सोलकरने 61 करून साथ दिली, भारत 387 पर्यंत पोचला. वेस्ट इंडिज सर्वबाद 217. पिछाडी 170 ची, म्हणजे फॉलोऑन नाही ना? आहे! पहिला पूर्ण दिवस वाया गेला तर उरलेले दिवस मोजतात, आणि चार दिवसांच्या सामन्यात 150 पुरतात. आपला कर्णधार अजित वाडेकरला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने गॅरी सोबर्सच्या वेस्ट इंडिज संघाला पुन्हा फलंदाजीला उतरवलं.

त्यांच्या रोहन कन्हायने नाबाद 158 करून सामना वाचवला, ते सोड. पण वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिल्यावर आपल्या संघाचा नूरच पालटला, असं माझं मत. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, सरदेसाईच्या 112, पदार्पण करणाऱ्या गावस्करच्या 65 आणि नाबाद 67, आणि भारताने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. मालिका 1-0 अशी आपली झाली. उरलेल्या चारही कसोट्या अनिर्णित.