आम्ही पाच मित्र सॅक घेऊन गोकर्णला चाललोय. तीन दिवस पुरतील का? राहायचं कुठे?

पुरतील, पण एका अटीवर. स्कूटर भाड्याने घेऊन एका दिवसात सगळे किनारे उरकायचे नाहीत. गोकर्ण पायीच बघायचं.

राहायला कुडले बीच बघा. गावाच्या दक्षिणेची टेकडी ओलांडली की कुडले लागतं. गावातल्या महाबळेश्वराच्या देवळाकडे चालत जाता येतं आणि समुद्रही दारात. ओम बीच फोटोत जास्त देखणा, पण तिथवर गाडीरस्ता पोचतो, त्यामुळे शनिवार-रविवारी बंगळूर-हुबळीच्या गाड्यांची रीघ लागते. आमच्या पुण्या-मुंबईवाल्यांचीही, खोटं कशाला बोला.

मधला अख्खा दिवस चालण्यासाठी ठेवा. कुडले, ओम, हाफ मून, पॅरडाइज हे किनारे एकापाठोपाठ एक आहेत आणि प्रत्येक दोहोंमध्ये डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलंय. पायवाट त्या नाकांवरून जाते. खाली जांभा, एका हाताला कातळावर फुटणाऱ्या लाटा, आणि सावली मिळेलच असं नाही. मोठ्या सॅक खोलीवर टाकून सकाळी लवकर निघा. ओमपर्यंत सोपं आहे. हाफ मूनच्या पुढे मात्र खडकांवरून, कधी हात टेकत जावं लागतं. चपला घालून येणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला आधीच दम द्या. पॅरडाइजला गाडीरस्ता नाही, म्हणून पाणी सोबत हवं. परत त्याच वाटेने येऊ नका, दक्षिणेला बेलेकानकडे उतरा. तिथून रस्त्याने गोकर्णला येता येतं. पाय बोलायला लागले तर ओमला होडीही मिळते. भाव माणशी न ठरवता पूर्ण होडीचा ठरवा. अंधार पडल्यावर ही वाट अजिबात धरू नका.

सॅकमध्ये एक लुंगी टाका. महाबळेश्वराच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून, लुंगी किंवा धोतर नेसून जावं लागतं. रावणाने हातात दिलेलं शंकराचं आत्मलिंग गणपतीने खाली ठेवलं ती जागा हीच, असं सांगतात. देवळाजवळच्या रथबीदीत, म्हणजे रथाच्या रस्त्यावर, सकाळी बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) आणि नीर डोसा खा. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये हमस आणि शक्शुका दिसेल. इस्रायली पोरं वर्षानुवर्षं इथे येतात, त्यांच्यामुळे. मला बन्सच आवडतात. भाषेची काळजी नको, कोकणी बरीच चालते.

जायला कोकण रेल्वे. सगळ्या एक्सप्रेस गोकर्ण रोडला थांबत नाहीत, मग अंकोला किंवा कुमठ्याला उतरून बस धरा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावरचे बरेच शॅक बंद.

आणि गोव्यावरून रस्त्याने येणार असाल तर कारवारच्या अलीकडे माजाळीचा तपासणी नाका आहे. गोव्याची दारू कर्नाटकात आणायला बंदी आहे, त्यामुळे सॅकही उघडायला लावू शकतात. बाटली काणकोणलाच संपवा.