आपल्या गावचा पियानोवादक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सावकाश वाचलं. 'सगळं थोडं थोडं करते, त्यामुळे मी नेमकी कोण हेच मला सांगता येत नाही,' असं तू लिहिलंयस. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, मधल्या दोन संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत पियानो, कुणाच्या भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ, आणि उरलेला वेळ ट्रिनिटीच्या, म्हणजे लंडनच्या संगीतसंस्थेच्या, ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे क्लास. जॅझ वाजवायचं स्वप्न रात्री घरी हेडफोन लावून. बरोबरीचे काही जण शिकायला बोस्टनला गेले, काही मुंबईत स्थिरावले, आणि नात्यातल्या कुणी तरी तुला 'क्लास घेणारी' म्हटलं. ते तुला फार लागलेलं दिसतंय.

समजूत घालायला हे पत्र लिहीत नाही. एका पियानोवादकाचं आयुष्य तुझ्यापुढे ठेवायचं आहे, कारण तुझ्या प्रश्नाला त्याच्याइतकं नेमकं उत्तर माझ्यापाशी दुसरं नाही.

एलिस मार्सालिस. नाव तू ऐकलंयस, पण बहुतेक ट्रम्पेटवादक विंटन आणि सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड या जॅझमधल्या प्रसिद्ध भावांचे वडील म्हणून. 14 नोव्हेंबर 1934 ला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्म. लहानपणी क्लॅरिनेट, मग टेनर सॅक्सोफोन, आणि शेवटी पियानो. 1955 मध्ये डिलर्ड विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली ती संगीतशिक्षणाची. त्यांना वाजवायचं होतं बीबॉप, म्हणजे चार्ली पार्करच्या पिढीनं उभं केलेलं, वेगवान, कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, पोटात शिरणारं आधुनिक जॅझ. आणि गाव कोणतं, तर जॅझचं माहेर! तिथे अडचण कसली, असं वाटेल. अडचण मोठी होती. बर्बन स्ट्रीटवर येणाऱ्या पर्यटकांना जुनं पारंपरिक जॅझ हवं होतं आणि गावातल्या तरुणांना नाचायला ऱ्हिदम अँड ब्लूज. बीबॉपला गावात गिऱ्हाईकच नव्हतं. तुझ्या गावात जॅझला श्रोते नाहीत म्हणून तू हळहळतेस. त्यांच्या गावात जॅझला श्रोते होते, फक्त त्यांच्या जॅझला नव्हते. हे जास्त अवघड, असं मला वाटतं.

1956 मध्ये सॅक्सोफोनवादक हॅरॉल्ड बॅटिस्ट आणि ढोलवादक एड ब्लॅकवेल यांच्याबरोबर ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन होते, ज्यांनी पुढे जॅझची घडीच मोडून नवी बसवली. ब्लॅकवेल नंतर कोलमन यांच्या न्यूयॉर्कच्या चमूत गेले आणि जॅझच्या इतिहासात नाव करून गेले. एलिस घरी परतले. मग मरीन कोअरची नोकरी आली. तिथेही ते पियानोवरच होते, सैन्याच्या रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी. परत आल्यावर लग्न, मुलं, वडिलांच्या मोटेलच्या कामात हातभार. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना जिथे खोली मिळायची अशा थोड्या ठिकाणांपैकी ते मोटेल होतं. नंतर ब्रो ब्रिज नावाच्या छोट्या गावी शाळेत बँड आणि समूहगानाचे शिक्षक. पुन्हा न्यू ऑर्लिन्स. 1967 ते 1970 ट्रम्पेटवादक अल हर्ट यांच्या बँडमध्ये, तेही पर्यटकांना आवडणाऱ्या लोकप्रिय संगीतासाठी. विंटनला सहाव्या वर्षी पहिला ट्रम्पेट मिळाला तो याच हर्ट यांच्याकडून.

ही यादी तुझ्या आठवड्याच्या वेळापत्रकासारखीच दिसते ना? आता याच यादीच्या बाजूला दुसरी ठेव. 1962 मध्ये नॅट आणि कॅननबॉल ॲडर्ली या प्रसिद्ध जॅझवादक भावांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केलं. 1963 च्या सुमारास हॅरॉल्ड बॅटिस्ट यांच्या एएफओ या संस्थेकडून त्यांच्या चौकडीची रेकॉर्ड निघाली. ही संस्था कृष्णवर्णीय वादकांनी स्वतः उभी केलेली होती. त्या रेकॉर्डवर जे संगीत आहे त्याला त्या गावात फारशी मागणी नव्हती. पोटासाठी जे वाजवायचं ते मन लावून वाजवायचं, आणि आपलं संगीत कुणी मागत नसतानाही थांबू द्यायचं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला जमतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. तुझ्या पत्रात पहिली यादी मोठी आहे. दुसऱ्या यादीत अजून एकही ओळ नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. ऑर्केस्ट्रा सोडू नकोस. दुसरी यादी सुरू कर.

ऑर्केस्ट्राबद्दल तू जरा तुच्छतेनं लिहिलंयस, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर लिहितो. गायिका ऐनवेळी म्हणते, 'आज काळी दोनमधून घ्या,' आणि तू कीबोर्डवरचं ट्रान्सपोझचं, म्हणजे पट्टी आपोआप बदलून देणारं, बटण दाबतेस. ते बटण आजपासून बंद. गाणं बाराही पट्ट्यांतून हातात यायला हवं. आणि हातात येण्याआधी कानात. एलिस यांच्या वादनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांची साथ. गायकाच्या किंवा सॅक्सोफोनवाल्याच्या मागे ते वाजवतात तेव्हा कॉर्ड कधी द्यायची यापेक्षा कधी द्यायची नाही याचं भान ऐकण्यासारखं आहे. समोरच्यानं वाक्य पुरं केलं की तिथे एक छोटं उत्तर, तो श्वास घेतो तिथे नुसती जागा. ब्रॅनफर्डबरोबरची किंवा नुसत्या त्रिकुटाची त्यांची ध्वनिमुद्रणं लाव आणि फक्त पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष दे. बास वाजवणारा असताना डावा हात मूळ स्वर बहुतेक सोडून देतो; तिसरा आणि सातवा स्वर धरला की कॉर्डची ओळख पटते, बाकीचं बासवाला सांगतोच. तू मात्र सवयीनं दोन्ही हातांनी पाचही बोटं भरून वाजवतेस, कारण ऑर्केस्ट्रात आवाज भरीव लागतो. पुढच्या भावगीताच्या कार्यक्रमात निम्मे स्वर काढून बघ. गायिका मागे वळून बघेल आणि अधिक मोकळी गाईल.

हे आपल्याकडे नवीन नाही. आप्पा जळगावकर किंवा गोविंदराव पटवर्धन यांची पेटी ऐकताना गाणाऱ्याच्या पुढे न जाता त्याला पुढे नेणारी साथ म्हणजे काय ते कळतं. आणि ज्या मुंबईत जाऊन नाव काढावं असं तुला वाटतं, तिथलं जॅझसुद्धा असंच चौफेर काम करणाऱ्यांनी उभं केलं. 1930 च्या दशकात शिकागोच्या परंपरेतला पियानोवादक टेडी वेदरफर्ड ताजमहाल हॉटेलात बँड वाजवत होता. त्या काळच्या हॉटेलांच्या बँडांत गोव्याचे वादक होते, चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्य स्वरलिपी, शिकून आलेले. रात्री हॉटेलात स्विंग, म्हणजे नाचायचं जॅझ, आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाद्यमेळ. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेटही वाजवत आणि सी. रामचंद्रांसारख्या संगीतकाराबरोबर संगीतरचनेतही हात घालत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस स्टुडिओत काम करता करता शिकवतही होते, आणि प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. या माणसांना 'तू नेमका कोण' असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी पुढचा कागद उघडून वाजवायला सुरुवात केली असती.

आता क्लासचं. तुझ्या पत्रातला हा भाग मला सर्वांत जास्त खटकला.

1974 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, एलिस न्यू ऑर्लिन्सच्या नव्यानंच सुरू झालेल्या सरकारी कलाशाळेत शिकवायला लागले. 'नोका' या नावानं ती ओळखली जाते. शाळकरी मुलं अर्धा दिवस आपल्या शाळेत आणि अर्धा दिवस तिथे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं वाच: टेरेन्स ब्लँचार्ड, डोनाल्ड हॅरिसन, हॅरी कॉनिक ज्युनियर, निकोलस पेटन, रेजिनाल्ड व्हील, आणि घरचेच विंटन व ब्रॅनफर्ड. 1980 नंतरच्या जॅझमधला केवढा तरी मोठा तुकडा एका गावातल्या एका शिक्षकाच्या हाताखालून निघाला. आणि गंमत बघ, यातले बहुतेक पियानोवाले नाहीतच. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास. पियानोवादकानं यांना शिकवलं काय? ऐकायला शिकवलं. रेकॉर्डवरून सोलो कानानं उचलायचा, स्वतः शोधायचं, करून बघायचं. तयार उत्तर हातात ठेवण्यापेक्षा मुलाला शोधाच्या दिशेला लावून द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. कॉनिकचं उदाहरण तर फार सुंदर आहे. तो एकीकडे एलिस यांच्याकडे शिकत होता आणि दुसरीकडे जेम्स बुकर या अफाट, बेबंद ब्लूज पियानोवादकाकडे. दोन गुरू, दोन टोकांचे, आणि दोन्ही त्याच गावातले.

तुझे क्लासचे विद्यार्थी तीन तुकडे पाठ करतात, परीक्षा देतात, सर्टिफिकेट घेतात आणि झाकण बंद करतात. परीक्षा वाईट नाहीत. बोटं शिस्तीत येतात, नोटेशन वाचता येतं. पण प्रत्येक तासातली शेवटची दहा मिनिटं माझ्या सांगण्यावरून वेगळी ठेव. कागद मिटायचा. तू एक चार स्वरांची ओळ गायची, मुलानं ती आधी गायची आणि मगच पियानोवर शोधायची. चुकीचा स्वर दाबला तर तू काही बोलायचं नाहीस. त्याला कळेपर्यंत थांबायचं. पुढच्या महिन्यात त्याच ओळीला तू खाली दोन वेगळ्या कॉर्ड द्यायच्या आणि विचारायचं, कोणती गोड लागली? का? साध्या बारा बारच्या (एकेक बार चार मात्रांचा) ब्लूजवर आठ वर्षांचं मूलही स्वतःचं काही तरी वाजवू शकतं. हे करायला लागलीस की शिकवण्याचा शीण कमी होईल आणि तुझं स्वतःचं वादन सुधारेल, कारण मुलाला विचारलेला प्रत्येक प्रश्न रात्री रियाजाला बसल्यावर तुझ्याच हाताला पडतो.

एक रुक्ष गोष्टही सांगतो, कारण ती तुला कुणी सांगणार नाही. कागदपत्रं जमव. एलिस यांनी लॉयोला विद्यापीठातून संगीतशिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा 1986 साल होतं. वय एक्कावन्न, मुलं जगप्रसिद्ध झालेली. पदवी नसती म्हणून त्यांचा हात अडला नसता. पण विद्यापीठात जागा हवी असेल तर विद्यापीठाला कागद लागतो, आणि सहा मुलांच्या घराला नियमित पगार लागतो. त्याच वर्षी ते व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात गेले आणि 1989 मध्ये न्यू ऑर्लिन्स विद्यापीठात जॅझ विभाग उभा करायला परतले. तिथे 2001 पर्यंत. ब्लू नोट आणि कोलंबियासारख्या मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डही याच काळातल्या, म्हणजे पंचावन्नच्या आसपासच्या. तू पंचविशीत उशीर झाला म्हणतेस.

बाहेर जाऊ का, हा तुझा शेवटचा प्रश्न. जायला मिळालं तर जा. एलिस यांनी मुलांना अडवलं नाही. विंटन 1979 मध्ये न्यूयॉर्कला ज्युलियार्ड या नामांकित संगीतसंस्थेत शिकायला गेला. ते स्वतःही तीन वर्षं व्हर्जिनियात राहिले. गावातच राहण्यात काही पुण्य नाही. पण जाणं जमलं नाही म्हणून आयुष्य थांबलंय असं समजून बसणं मात्र मला मान्य नाही, कारण गावात करण्यासारखं एक काम आहे आणि ते बाहेर जाऊन करता येत नाही. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी वाजवणं. फ्रेंचमेन स्ट्रीटवरच्या स्नग हार्बर या क्लबात एलिस जवळजवळ तीन दशकं शुक्रवारी वाजवत होते. तरुण वादकांना ठाऊक असायचं की शुक्रवारी तिथे गेलं की त्यांना ऐकता येतं. त्यातून गावाला कान मिळतात. विंटन यांनी वडिलांची एक आठवण सांगितली आहे: एकदा क्लब जवळपास रिकामा होता, मुलाला घरी जायची घाई झाली होती, पण कार्यक्रमाची ठरलेली वेळ संपेपर्यंत वडील वाजवतच राहिले आणि मुलाला म्हणाले, बस आणि जरा संगीत ऐक.

तुझ्याकडे हॉटेलची लॉबी आहे. पियानो बरा आहे, दर पंधरवड्याला सुरात लावतात, असं तूच लिहिलंयस. मॅनेजरला विचारून दोनपैकी एक संध्याकाळ तुझी करून घे. बासवाला शोध, ऑर्केस्ट्रातला तुझा गिटारवाला बास धरू शकतो, त्याचा कान चांगला आहे. सुरुवातीला चार माणसं असतील, त्यातली दोन जेवणाची वाट बघणारी. तरी वेळ संपेपर्यंत वाजवायचं. आणि क्लासच्या मोठ्या मुलांना आळीपाळीनं तिथे बोलवायचं, एकेका गाण्यासाठी.

1 एप्रिल 2020 ला कोविडनं एलिस गेले, पंच्याऐंशीव्या वर्षी. स्नग हार्बरमधलं नियमित वादन त्यांनी त्याच्या काही महिनेच आधी थांबवलं होतं. कतरिना वादळानंतर बेघर झालेल्या वादकांसाठी न्यू ऑर्लिन्सच्या नाइन्थ वॉर्डमध्ये जी वसाहत उभी राहिली, तिच्या मधोमध 2011 पासून त्यांच्या नावाचं संगीत केंद्र आहे. आसपासच्या वस्तीतली मुलं तिथे शिकतात. ते उभं करण्यात ब्रॅनफर्ड आणि तो दोन गुरूंचा कॉनिक पुढे होते.

पुढच्या रविवारी ये. येताना एका वहीत तुला पाठ असलेली, म्हणजे कागदाशिवाय आणि कोणत्याही पट्टीतून वाजवता येतील अशी गाणी लिहून आण. जॅझची, भावगीतं, सिनेमाची, सगळी एकाच यादीत. खोटी भर घालू नकोस, मी कोणतंही उघडून कोणतीही पट्टी सांगणार आहे. त्या यादीतून पहिल्या संध्याकाळची दहा गाणी आपण निवडू. तुझा बासवाला मोकळा असेल तर त्यालाही घेऊन ये.

तुझे
सर