बायकोला इंग्लंडात शिक्षिकेची नोकरी मिळतेय. आठ आणि पाच वर्षांची मुलं तिथल्या शाळेत रुळतील का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचंच घर डोळ्यांसमोर आलं. तुम्ही धुळ्याचे, आम्ही अमळनेरचे. तुमच्या मिसेस विज्ञान शिकवतात, माझी बायकोही नववी-दहावीला तेच शिकवायची. निघालो तेव्हा आमचीही मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाचचा होता. तुम्ही विचारलंय की मुलं तिथं रुळतील का, आणि सगळ्यांनी एकदम जावं की आधी मिसेसने एकटीने.

मुलं रुळतात. त्यांची काळजी थोडी कमी करा आणि तुमच्या दोघांसाठी राखून ठेवा. सध्या तिकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी आहे, आम्ही घरी आलोय, परवाच आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाचं विसर्जन झालं, म्हणून जरा निवांत लिहितो.

आधी वर्गाचा घोळ. मुलगी इथे तिसरीत होती, तिथे तिला ‘इयर फोर’मध्ये बसवलं. मी खूश, पोरगी एक वर्ग पुढे गेली! तसं काही नसतं. ३१ ऑगस्टला मुलाचं वय किती यावरून वर्ग ठरतो आणि आकडा आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो, एवढंच. इंग्रजी येत नाही म्हणून सहसा खालच्या वर्गात घालत नाहीत, हुशार आहे म्हणून वरच्याही नाही. मी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले लॅमिनेट करून नेले होते. कुणी विचारलेसुद्धा नाहीत. पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, बस. (दाखले टाकून मात्र देऊ नका. परत आलात तर आपल्याकडे काय काय मागतील ते तुम्हाला सांगायला नको.)

खरी अडचण जागेची झाली. बायको ऑगस्ट २०२३ मध्ये एकटी गेली, आम्ही तिघे दिवाळी करून नोव्हेंबरात. तिथलं शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, म्हणजे आम्ही मध्येच टपकलो. सरकारी शाळेत फी नसते, पण वर्ष सुरू झाल्यावर जिथे जागा असेल तिथेच प्रवेश. शिवाय लहान वर्गांत, म्हणजे ‘इयर टू’पर्यंत, एका शिक्षकामागे ३० मुलांची कायद्याने मर्यादा आहे. एकतिसावं पोर एखाद्या अपवादालाच घेतात, ओळख काढून चालत नाही. मोठीला घराजवळची शाळा मिळाली आणि धाकट्याला दीड मैलावरची. दोन्ही शाळा सुटायच्या सव्वातीनला. एकाच वेळी दोन फाटकांवर कसं उभं राहायचं, सांगा. एवढ्या लहान पोराला शाळा एकटं सोडत नाही, मोठं माणूस फाटकावर दिसल्यावरच हात सोडतात. चार महिने मी धाकट्याच्या शाळेतून दहा मिनिटं लवकर सोडायची विनंती करत राहिलो, मग मोठीच्या शाळेत एक जागा रिकामी झाली.

आणि इथेच शिक्षकाच्या घराची गोम आहे. दुसऱ्या नोकरीत कुणी अर्धा तास उशिरा जाईल, एखाद्या दिवशी घरून काम करेल. शिक्षिकेची शाळा आणि पोरांची शाळा एकाच वेळी भरते, एकाच वेळी सुटते, सुट्टीही साधारण एकदमच लागते. म्हणजे पोरांना सोडायला-आणायला ती कधीच नाही. अमळनेरला हे कळलंच नव्हतं, कारण घरी आई होती. मी माझं कृषी केंद्र भावाच्या हवाली करून गेलो होतो. तिथे गोदामात रात्रपाळी धरली, सकाळी सातला घरी, पोरांना सोडायचं, झोपायचं, तीनला फाटकावर. पंधरा वर्षं कापसाचं बियाणं विकलेला माणूस ट्रॉलीवर खोके लावतो तेव्हा त्याला काय वाटतं, हे तुमच्याशी आधीच कुणी बोलायला हवं, म्हणून लिहितोय. तिच्या व्हिसावर जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं, ही चांगली बाजू. काम मिळेल. ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही.

आता मुलं. धाकटा पहिले तीन महिने शाळेत एक शब्द बोलला नाही. घरी तोंड बंद नाही, शाळेत मुका. मी घाबरून त्याच्या बाईंना भेटलो आणि आता घरी इंग्रजीच सुरू करतो असं म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, तसं अजिबात करू नका, घरी तुमचीच भाषा बोला, नव्या भाषेत आलेली पुष्कळ मुलं आधी नुसती ऐकत राहतात. फेब्रुवारीत एके दिवशी खेळताना कुणीतरी त्याची पाळी ओलांडली आणि हा जोरात ओरडला, ‘दॅट्स नॉट फेअर!’ बाईंनी मला फाटकावर हे असं सांगितलं जसा काही त्याचा बोर्डात नंबर आलाय. आता त्याचं इंग्रजी मला कळत नाही. व्हिडिओ कॉलवर आजी अहिराणीत विचारते, ‘काय करी ऱ्हायना रे?’ आणि हा पठ्ठ्या ‘खेळी ऱ्हायनू’ म्हणतो. ते टिकलं ते त्या बाईंमुळे.

मोठीला पाढ्यांनी तारलं. तिथे ‘इयर फोर’च्या मुलांची जूनमध्ये पाढ्यांची परीक्षा असते, बारापर्यंतचे पाढे, संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. तिला इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचताना रडू यायचं, पण ‘बारा नवे अठ्ठोदरसे’ मनात म्हणून ती १०८ टाईप करायची. पंचवीसपैकी पंचवीस. त्या दिवसापासून वर्गात तिला जोडीला घ्यायला पोरी भांडायला लागल्या. तुमच्या मुलीचे पाढे कच्चे असतील तर निघायच्या आधी करून घ्या, स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा त्याचा उपयोग होईल.

डब्याचं सांगतो. पहिल्याच आठवड्यात मोठीला शेंगदाण्याची चटणी आणि पोळी दिली. डबा न उघडता परत, वर चिठ्ठी. कित्येक शाळांत दाण्याला बंदी असते, कारण एखाद्या मुलाला त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. आपल्या खान्देशी स्वयंपाकातून दाणे काढले तर उरतं काय? भाजीत कूट, भरतात दाणे, चटणीत दाणे. बायकोने तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्यायला सुरुवात केली, ती चालली. धाकट्याला ‘इयर टू’ संपेपर्यंत शाळेतच फुकट जेवण होतं, पण त्यात ‘बेक्ड बीन्स’, म्हणजे टोमॅटोच्या रसातला घेवडा असतो, म्हणून त्याने ते महिनाभर पोळीच्या आठवणीत खाल्लं.

सुट्ट्या. मे महिन्यात माझ्या साल्याचं लग्न होतं. दहा दिवस पोरांना घेऊन जाऊ म्हटलं, तर शाळेने कळवलं की परवानगीशिवाय पाच दिवस बुडाले तर दंड लागू शकतो. ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, तोही प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला. आमचा हिशेब ३२० पौंड. आणि बायकोला तर शाळा चालू असताना रजा मिळायचा प्रश्नच नाही. मी एकटा आलो, अक्षता टाकल्या आणि परत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका पोरीला दोन वर्षं नाही. कानबाई मात्र नागपंचमीनंतर, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, ती साधते. म्हणून विमानाची तिकिटं आम्ही नागपंचमी बघून काढतो.

बायकोला सगळ्यात अवघड गेलं. अमळनेर म्हणजे साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते ते गाव, तिथे शिक्षकाला भाजीवालासुद्धा ‘मॅडम, या’ म्हणतो. सत्तर पोरं ती वर्गात शिरली की उभी राहायची. तिथे तीसच पोरं, पण नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला पाय पसरून म्हणाला, ‘मिस, धिस इज बोरिंग.’ ती आवाज चढवायला गेली, तर मागे बसलेल्या वरिष्ठ बाईंनी नंतर सांगितलं की आवाज चढवू नका, थांबा, गप्प उभ्या राहा. दिवाळीपर्यंत ती गाडीत बसून रडायची आणि मला फोनवर सांगायची की सर्दी झालीय. आम्ही जवळ नव्हतो ते दिवस हेच. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: शक्य असेल तर ऑगस्टमध्येच सगळे एकदम जा. पोरांना सप्टेंबरात वर्ग सुरू होतानाच जागा मिळण्याची शक्यता बरी आणि ती घरी आली की घरात माणूस असेल. आता ती दारात उभी राहून एकेकाला नावाने आत घेते, तो ‘बोरिंग’वाला पोरगाही ‘मॉर्निंग मिस’ म्हणतो. पण त्याला पुरतं वर्ष गेलं.

पैशाचं थोडक्यात. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६. तीन वर्षांच्या व्हिसावर चौघांचे १०,८६६ पौंड, म्हणजे बारा लाखांच्या वर, आणि त्यात व्हिसाची फी आणि तिकिटं धरलेली नाहीत. हे शाळा देणार की तुम्ही, ते आधी लेखी घ्या.

आणि ऑफर लेटर आलं म्हणून सही करू नका. मिसेसकडे ‘क्यूटीएस’ आहे का ते बघा, ही तिथली शिक्षकपदाची पात्रता. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना अनुभव आणि पदव्यांवर त्यासाठी थेट अर्ज करता येतो, विषय गणित, विज्ञान किंवा भाषा आणि मुलं ११ ते १६ वयाची असतील तर. अर्ज सरकारी साइटवर फुकट होतो, एजंटला पैसे देऊ नका. क्यूटीएसशिवायही चार वर्षांपर्यंत शिकवता येतं, पण पगार बहुधा अपात्र शिक्षकाच्या श्रेणीत लावतात, आणि तो फरक तुमच्या घरभाड्यात दिसेल. बायकोने हे अमळनेरहूनच उरकलं होतं. प्रमाणपत्रांच्या स्कॅनसाठी स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे आम्ही अख्खी दुपार काढली होती, मे महिन्यात, लाईट गेलेली.